ओला कचरा नावाचं फोल्डर

घरी रेकॉर्डिंगला बसण्याआधी फ्रीज बंद करायचा आणि घराच्या किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या. मला कोणी विचारलं की मी हा सल्ला सगळ्यात आधी देते. फ्रीजची घरघर आपल्या कानांच्या सवयीची झालेली असते, माइकला मात्र ती स्वच्छ ऐकू येते. आणि काम संपल्यावर फ्रीज परत सुरू करायला माणूस हमखास विसरतो. किल्ल्या आत असल्या की बाहेर पडताना तो उघडावाच लागतो. हे शहाणपण मला दोन लिटर दूध नासल्यावर आलं. "डेअरीपासून दहा मिनिटांवर राहून दूध नासवणारी कात्रजमधली पहिली बाई तू," असं ताई त्या दिवशी म्हणाली. तेव्हा ती बोलू शकत होती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे यजमान लवकर गेले, मी लग्न केलं नाही, त्यामुळे वीस वर्षं आम्ही दोघी एकाच फ्लॅटमध्ये राहतो. ती घरी गाण्याचा क्लास घ्यायची. मी खडकीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. सुटे भाग हातात घ्यायचे, मापायचे, पास करायचे नाहीतर नापास करायचे, असं तीस वर्षं केलं. गाणं मला येत नाही, पण खोट लगेच दिसते. भिंतीवरचं कॅलेंडर दोन सूत तिरकं असलं तरी माझा घास उतरत नाही. माझ्या या स्वभावामुळे पुढचं सगळं घडलं, म्हणून तो आधीच सांगून टाकते.

ताईने जन्मात कधी स्वतःचं गाणं रेकॉर्ड करू दिलं नव्हतं. कोणी मोबाईल पुढे केला की ती विचारायची, "फी तू भरलीस की त्याने?" मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. दवाखान्यातून आल्यावर तिने चहा टाकला, दोन कप गाळले आणि माझ्यासमोर बसून म्हणाली, "ते माइक-बिइक काय असतं ते घेऊन ये. डॉक्टर गळा काढणार आहेत, क्लास नाही काढणार. मी एकेक ओळ लावीन, मुली म्हणतील, चुकल्या तर मी हाताने दाखवीन. आवाज तेवढा तू नीट जपून ठेव."

जपून ठेव, एवढंच तिने मागितलं होतं.

आम्ही दुपारी एक ते चार या वेळात रेकॉर्डिंग करायचो. पुण्यात या वेळेला स्टुडिओचं भाडं भरावं लागत नाही. आख्खी सोसायटी झोपलेली असते, वॉचमनसुद्धा. खिडक्यांना गोधड्या टांगल्या, गादी भिंतीला उभी केली. माइक तोंडापासून एक वीत आणि चार बोटं लांब ठेवायचा, जवळ नाही आणि लांबही नाही. 'प' आणि 'भ' म्हणताना माइकवर फुंकर बसते, म्हणून भरतकामाच्या रिंगवर जुना पायमोजा ताणून मधे उभा केला. तानपुऱ्याचं यंत्र खोलीत वाजवायचं नाही, फक्त हेडफोनमध्ये द्यायचं. एकदा ते आवाजात मिसळलं की कुठल्याही प्लगइनला, म्हणजे आवाज साफ करणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या जोड-प्रोग्रॅमला, धड वेगळं करता येत नाही. पडद्यावरची आवाज मोजणारी पट्टी हिरव्यात राहायला हवी, लाल दिवा लागता कामा नये. ताई हेडफोन एकाच कानाला लावायची. दुसरा कान मोकळा हवा, नाहीतर आपणच आपल्याला चोरून ऐकतोय असं वाटतं, असं तिचं म्हणणं.

तीन आठवड्यांत अकरा चिजा झाल्या. सगळ्यात आधी भूप रागातली ती सोपी चीज, जी ती प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी शिकवायची. शेवटची चीज संपल्यावर ती हेडफोन काढून म्हणाली, "झालं." आणि उठून कुकर लावायला गेली.

ऑपरेशन श्रावणात झालं. ती घरी आली ती गळ्यात एक भोक आणि त्यावर पातळ सुती पट्टी घेऊन. आता श्वास नाका-तोंडातून येत नव्हता, त्या भोकातून येत होता. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. तिने ते दोन दिवस वापरलं, स्वतःचा आवाज ऐकला आणि कपाटात ठेवून दिलं. मोबाईलवर लिहायलाही मानेनेच नकार दिला. शाळेतली असते तशी दगडी पाटी आणि पेन्सिल मागवली. पाटीवर पेन्सिलीचा किरकिर आवाज आला की ताई काहीतरी बोलतेय असं समजायची सवय मला लागली. क्लास वसंत पंचमीला परत सुरू करायचा असं तिने पाटीवर लिहून ठरवलं. रेकॉर्डिंग मात्र ऐकेना. "सगळं तयार कर. मग."

मी तयारीला लागले. तीच दुपारची वेळ, तीच खोली. मी कॉम्प्युटरपुढे हेडफोन लावून, ताई मागे दिवाणावर आडवी. कामाची पद्धत सांगते. आधी ज्या दोन-तीन सेकंदांत कोणी गात नाही ती निवडायची आणि प्लगइनला दाखवायची. हा खोलीचा आवाज, हा नको, असं त्याला शिकवायचं. मग ते पूर्ण गाण्यातून तेवढं उचलून बाहेर काढतं. बहुतेक प्लगइनमध्ये एक बारीक बटण असतं, जे काढलं तेवढंच ऐकवणारं. नवशिक्यांनी ते जरूर दाबावं. त्यात गाण्याचे तुकडे ऐकू आले तर आपण जास्त खरवडतोय हे ओळखावं.

मी ते पहिल्यांदा दाबलं तेव्हा पंख्याची घरघर आली, तिच्यामागे कुठेतरी लांब टँकरचा हॉर्न, आणि त्या सगळ्याच्या तळाशी माणसं कुजबुजत होती. शब्द नव्हते. पाण्याखाली बायका बोलत बसल्या असाव्यात तसं काहीतरी. प्लगइन आवाज खरवडतं तेव्हा असे चुकार तुकडे उरतात हे मी नंतर वाचलं. पण त्या दुपारी मी हेडफोन काढून आधी खिडकी बघितली, मग दिवाण. ताई झोपली होती.

एका चिजेत, तिसऱ्या ओळीनंतर, खूप खालून एक घुमारा येत होता. कानाला कळत नव्हता, पडद्यावर मात्र दिसत होता. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की तो जवळच्या प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांपैकी कोणाचा तरी आहे. वाघ की सिंह, ते इतकी वर्षं शेजारी राहून आम्हाला कळलेलं नाही. ताई गात असताना तो ओरडला होता आणि आम्हा दोघींनाही पत्ता नव्हता. खालचे आवाज कापायचं प्लगइन असतं, त्याने मी त्याला कापलं.

आणि मग मी श्वासांकडे वळले.

ताई प्रत्येक ओळीआधी श्वास घ्यायची, कोणीही घेतंच. पण हेडफोनमध्ये तो फार मोठा वाटतो. ओठ सुटल्याचा बारीक 'चट्' आवाज, मग हवा आत ओढल्याचा आवाज, मग सूर. मला ती खोट वाटली. एकेक श्वास निवडायचा, कापायचा, तिथे शांतता भरायची. एका चिजेत चाळीस-पन्नास श्वास निघायचे. कापलेलं मी फेकलं मात्र नाही. कारखान्यात नापास माल फेकायचा नसतो, लाल चिठ्ठी लावून वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचा असतो. ही शिस्त पहिल्या चिजेच्या वेळी सुचली नव्हती, दुसऱ्या चिजेपासून दोन फोल्डर केली. घरघर, हॉर्न, वाघ हे 'सुका कचरा'. श्वास, ओठांचे आवाज, खाकरणं हे 'ओला कचरा'. सोसायटीच्या नोटिशी वाचून वाचून दुसरी नावं सुचलीच नाहीत. ज्या जागेवरून जे काढलं, त्याच जागेवर ते दुसऱ्या ट्रॅकमध्ये ठेवायचं, इतकी मी नेटकी. सूर सरळ करायचंही प्लगइन असतं, पण ताईच्या सुराला हात लावायची माझी छाती झाली नाही.

कारखान्यातला दुसरा नियम असा, की पास झालेल्या मालाशेजारी मूळ कच्चा माल ठेवायचा नाही, घोटाळा होतो. तोही मी पाळला. मूळ फाईलवरच साफ केलेली फाईल सेव्ह करत गेले. घरी हे काम करणाऱ्या कोणीही असं करू नये. मूळ फाईलची एक प्रत आधी बाजूला ठेवावी आणि तिला हात लावू नये. हे आता मी सगळ्यांना बजावून सांगते.

एका दुपारी मी असाच एक श्वास निवडला आणि कापण्याआधी ऐकला. हवा आत ओढल्याचा आवाज माझ्या कानात आला, आणि समोरच्या काळ्या पडद्यात मला मागे दिवाणावर ताईची छाती वर आलेली दिसली. मी परत तोच श्वास लावला. परत छाती वर आली. तिला काही ऐकू येणं शक्य नव्हतं, आवाज फक्त माझ्या हेडफोनमध्ये होता. योगायोग असणार, माणूस श्वास घेतच असतो. पण मी तिसऱ्यांदा लावला नाही. मला भीती वाटली, आणि ती माझ्या स्वतःच्या बहिणीची वाटली, याची लाज वाटली. मी तो श्वास कापला आणि पुढे गेले.

काढून काढून उरला तो आवाज खणखणीत होता. मागे काही नाही, मधे काही नाही. सूर संपायचा, कोरी शांतता, आणि लगेच पुढची ओळ. ऐकताना माझं डोकं हलकं व्हायचं. हेडफोन काढला की मी धापा टाकत असायची, आणि मला वाटायचं खुर्ची बदलायला हवी. काम झालं की कुठलंही गाणं एकदा साध्या स्पीकरवरही ऐकावं, म्हणून एक दिवस ताई तपासणीला दवाखान्यात गेली असताना मी ते मोठ्याने लावलं. संध्याकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला थांबवलं.

"अहो, ताईंचा आवाज परत आला का? दुपारी ऐकला मी."

"नाही हो, जुनं रेकॉर्डिंग आहे."

"हां." त्या एक पायरी उतरल्या आणि परत वळल्या. "मधे थांबतच नव्हत्या हो. मला खाली बसून दम लागला. कडी लावून घेतली मी दाराची."

मी ते कौतुक म्हणून घेतलं. वर येऊन उरलेल्या चिजांमधले राहिलेले श्वासही काढून टाकले.

वसंत पंचमीच्या चार दिवस आधी, दुपारी, मी ताईला खुर्चीत बसवलं आणि भूपातली पहिली चीज लावली. ती डोळे मिटून, मांडीवर ताल धरून बसली. पहिल्या ओळीला तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. ती स्वतःला भेटत होती. दुसऱ्या ओळीनंतर तिचा हात थांबला. तिसऱ्या ओळीला तिने डोळे उघडून स्पीकरकडे बघितलं. चौथ्या ओळीला ती उठली, गॅलरीच्या दारापर्यंत मागे सरकली आणि गळ्यावरची पट्टी हाताने दाबून धरली. मला वाटलं भरून आलंय. मलाही भरून आलं होतं. मी आवाज थोडा वाढवला.

तिने येऊन स्पीकरची वायर ओढून काढली. मग पाटी घेतली.

"ही श्वास कुठे घेते?"

"काढले ना मी. चार महिने एकेक वेचून काढलेत."

पेन्सिल परत किरकिरली. "मुली हिच्यासारखं म्हणायला गेल्या तर गुदमरतील. श्वास कुठे घ्यायचा तेच तर शिकवते मी." पुसलं. "माझा जीव कोंडला. आता घेईल, आता घेईल." पुसलं. "मूळ लाव."

मूळ नाही, हे मला सांगावं लागलं. तिने पाटी पुसली. कोरडी झाल्यावरही पुसत राहिली. मग ती उलटी करून टेबलावर ठेवली आणि आतल्या खोलीत गेली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी एक अक्षर लिहून बोलली नाही. गळा गेला तेव्हा घर इतकं गप्प झालं नव्हतं. माझ्या बहिणीने एकच वस्तू माझ्यापाशी जपायला दिली होती आणि मी ती घासून घासून नापास केली होती. मी पोळ्या करताना रडले, आणि पोळ्याही जाड झाल्या.

कचऱ्याची आठवण तिसऱ्या दिवशी दुपारी झाली. साफ केलेला आवाज आणि त्यातून काढलेलं सगळं, दोन्ही शून्यापासून एकाखाली एक लावलं, आवाजाच्या पातळीला कुठेही हात लावला नाही, तर बेरीज पुन्हा मूळ गाण्याइतकीच यायला हवी. आवाज मोठा करायचं काम सगळ्यात शेवटी करावं, असं शिकवतात. ते मी अजून केलेलं नव्हतं म्हणून वाचले. मी ताईला हाक मारली. ती येऊन दारात उभी राहिली.

चुकून आधी नुसता ओला कचराच सुरू झाला. खोलीत स्पीकरमधून ताईचा श्वास आला. मग बराच वेळ काही नाही. मग परत श्वास. ओठांचा 'चट्', श्वास. एकदा खाकरणं. गाणं कुठेच नव्हतं, कोणीतरी खोलीत बसून नुसतं श्वास घेत होतं. मी ते बंद करायला माउसकडे हात नेला, पण ताईने तो धरला. ती ऐकत होती. मधल्या मोकळ्या जागेत तिची बोटं माझ्या मनगटावर ताल मोजत होती, आणि स्पीकरमधला श्वास यायचा तेव्हा तिच्या गळ्यावरच्या पट्टीतूनही बारीक श्वास आत जायचा, नेमका त्याच क्षणी. ती गाणं म्हणत होती. मग मी हळूहळू आवाजाचा ट्रॅक वर आणला, मग सुका कचरा, पंखा, टँकर, वाघ, सगळं. ताई गायला लागली, आमच्या खोलीत, दुपारी, दम घेत.

दहा चिजा अशा परत आल्या. पहिली आली नाही. ती साफ करताना माझ्याकडे फोल्डरच नव्हतं, तिचे श्वास कायमचे गेले होते. आणि क्लासला येणारी प्रत्येक मुलगी सुरुवात तिच्यापासूनच करते.

वसंत पंचमीच्या आदल्या दिवशी जेवणं झाल्यावर ताईने पाटी माझ्यापुढे धरली. "माइक लाव."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिने गळ्यावर बोट ठेवलं.

मग मी फ्रीज बंद केला, किल्ल्या आत ठेवल्या, खिडक्यांना गोधड्या टांगल्या. माइक खाली घेतला, गळ्यावरच्या पट्टीपासून एक वीत आणि चार बोटं. ताईने हेडफोन एका कानाला लावला. तिचा जुना आवाज त्यात गायला लागला, आणि प्रत्येक ओळीआधी तिने हात उचलून श्वास घेतला. कपड्यातून आलेला, थोडा घरघरणारा, आता जसा आहे तसा. मधे कुठेही चुकली नाही. सगळी चीज संपेपर्यंत मी पडद्यावरच्या पट्टीकडे बघत होते, लाल दिवा एकदाही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली मुलगी आली, नवीनच होती, तिला काही माहीत नव्हतं. ताईने पहिली ओळ लावली, थांबवली, आणि तिच्याकडे बघून हात उचलला. मुलीने श्वास घेतला.